कमांडरच्या शर्टाचा खिसा

त्याची सगळी मापं माझ्या वहीत आहेत. पहिलं माप तो पाचवीत गेला तेव्हाचं: छाती चोवीस, कंबर बावीस, खाकी हाफ पँट. शेवटचं यंदाचं: छाती चाळीस, पोट चव्वेचाळीस. मधल्या वर्षांत तो काय काय झाला ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, पण सांगायला कुणी तयार नाही. मी सांगते. माझा मुलगा खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे आणि तो खून त्यानं केलेला नाही. ज्यानं केला त्याचा शर्ट मी माझ्या हातानं धुतला, दुरुस्त केला आणि कडक इस्त्री करून परत दिला.

हे माझं पोलिसांपुढं सांगून झालं आहे. त्यांनी ते दीड पानात बसवलं. माझं दीड पानात बसत नाही, म्हणून शाळेची वही आणली. मी चौथी शिकलेली. काना-मात्रा शेजारच्या मास्तरीणबाईंनी नीट केले. मजकुराला त्यांना हात लावू दिला नाही.

माझं दुकान हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात, जीपा लागतात तिथून पाच-सहा दुकानं सोडून. जातीनं आम्ही शिंपी नाही. नवरा हिंगोलीत एका दुकानात काज-बटणं करता करता कटिंग शिकला आणि त्याच्याकडून मी शिकले. तो गेला तेव्हा मुलगा दुसरीत होता. पायमशीन एकच होती, ती चालू ठेवली. गणवेश, पोलकी, पायजमे, जे आलं ते शिवलं. कुणाचं कापड चोरलं नाही आणि दिलेला दिवस चुकवला नाही. एवढंच माझं नाव, आणि त्यानंच माझा घात केला.

ज्याची मापं वर लिहिली तो शाळेत असताना काडीसारखा होता. बाप साखरा गावाकडून मजुरीला आलेला. आई त्याला घेऊन यायची आणि सांगायची, "जरा ढिली शिव, दोन वर्सं जाऊ दे." मी शिवण आत दोन बोटं जास्त ठेवायची. पोरगं वाढलं की उसवून मोकळी करायची. हा वाढायचाच नाही. मनातून मात्र तो लहानपणापासून पोलीस होता. दुकानाच्या पायरीवर उभा राहून जीपवाल्यांना हात दाखवायचा आणि ते हसायचे.

बारावीनंतर त्याला राखीव पोलिसात भरती व्हायचं होतं. तिथं छाती मोजतात, साधी मोजतात आणि मग फुगवून मोजतात. फुगवल्यावर पाच सेंटीमीटर वाढली पाहिजे. दर बाजारच्या दिवशी तो माझ्यापुढं येऊन शर्ट काढून उभा राहायचा.

"मावशी, टेप लाव."

लावायची. तो श्वास ओढून लालबुंद व्हायचा.

"चारच भरतं."

"नीट बघ की वं."

"टेप कापडाचा हाय बाबा, तुझ्या मनाचा न्हाई."

गिऱ्हाईक बाया हसायच्या. तोही हसायचा, पण जाताना मान खाली असायची. दोनदा भरतीला गेला आणि दोनदा छातीवरून परत आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या दुकानात बाकड्यावर बसून रडला. मी चहा मागवला. तेव्हा मला त्याची कीव आली होती, हे लिहिलं पाहिजे. आज येत नाही.

मग तो होमगार्डमध्ये गेला. गणवेश ढिला बसतो म्हणून माझ्याकडं घेऊन आला. मी बाजू आत घेतल्या. तो कापड चाचपत म्हणाला, "मावशी, छातीत काही घालता येतं का?"

"काय घालू, भुस्सा?"

"कॉलरीत घालतेस ना ते."

कॉलर ताठ राहावी म्हणून आम्ही आत बकरम घालतो. पांढरं, जाडं, खळ दिलेलं कापड. तो म्हणाला, तेच छातीला घाल. मी दोन्ही खिशांच्या मागं बकरमचा एकेक तुकडा घालून वरून टीप मारली. त्यानं आरशात पाहिलं. छाती खरंच पुढं आलेली दिसत होती. "कुणाला बोलू नको," म्हणाला. मी बोलले नाही. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक शर्टात खिशामागं बकरम असतं आणि ते त्याला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं. आता पोलिसांना माहीत आहे.

होमगार्डमधून त्याला काढलं. ड्यूटी नसताना गणवेश घालून रस्त्यावर गाड्या अडवायचा. वर्षभर घरी बसला. मग गावोगाव चोरांची आवई उठली. अंगाला तेल लावून येतात, बाया-लेकरांना मारतात, असं काहीबाही. चोर कुणी पाहिले नव्हते, पण माणसं शेतात झोपायला भ्यायली. ह्यानं बारा पोरं जमवून त्यांचं दल केलं. काठ्या, शिट्ट्या, बॅटऱ्या. तो दुकानात आला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "मावशी, बारा शर्ट. खाकी. खांद्याला पट्टी, शिट्टीला दोरी."

"सरकारचं हाय का?"

"गावाचं हाय. सरकारपेक्षा मोठं."

मी बारा शर्ट शिवले. लोक खूश होते, मीही होते. विधवा बाई, एकटं दुकान. दलाचे शर्ट शिवते म्हटल्यावर माझ्या पायरीवर कुणी थुंकेना झालं. गायरानात रोज सकाळी कवायत चालायची. सावधान, विश्राम, दहिने मूड. ऑर्डर सगळ्या हिंदीत. लोक त्याला कमांडर म्हणू लागले. आधी चेष्टेनं म्हणत, मग चेष्टा गेली.

चोर काही सापडले नाहीत. पण बाराचे चाळीस झाले आणि मग आखाडा बाळापूरपर्यंत त्याची शाखा गेली. दोन वर्षांमागं आकाशात ड्रोन फिरतात म्हणून पुन्हा आवई उठली, तेव्हा तर थानच्या थान कापड माझ्या दुकानात येऊन पडलं. चाळीस काठ्या हातात आल्यावर माणूस काय करतो? बांधाचं भांडण मिटव, पळून गेलेली पोरगी परत आण, दुकान खाली कर. आधी लोक त्याला बोलवायचे, मग तो न बोलावता जायला लागला. नदीतली वाळू त्याच्या ट्रॅक्टरांनी जायला लागली. कुणी तहसीलला अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात पाच खाकी शर्ट उभे राहायचे. काही करायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरतं. पुढारी लोकांनाही अशी माणसं लागतात. आधी तो त्यांच्या गाडीमागं पळायचा, मग गाडीत बसला, मग पंचायत समितीत गेला. यंदा जिल्हा परिषदेला उभा राहिला.

ते शर्ट कुणाच्या दारात उभे राहतात ते मला माहीत होतं. मी म्हणायची, माझं काम शिवायचं. एकदा आमच्या आळीतल्या बौद्धाच्या पोरानं, तो आता शिक्षक आहे, मला दुकानात येऊन विचारलं, "आजी, हे शर्ट शिवताना तुमचा हात थांबत न्हाई का?" मी त्याला म्हणाले, "तुझी पँट झाली, घेऊन जा." एवढंच बोलले. त्यानं पुन्हा माझ्याकडं कापड दिलं नाही.

माझा मुलगा दलात गेला तो सहा वर्षांपूर्वी. तेव्हा त्याचं लग्न झालं होतं, एक मुलगी होती. काम नव्हतं. कमांडरनं त्याला जीपवर ड्रायव्हर ठेवलं. त्याचाही खाकी शर्ट मीच शिवला. छाती अडतीस, बकरमची गरज नव्हती. तो साधा-भोळा आहे असं मी म्हणत नाही. पाच शर्ट जिथं जिथं उभे राहिले तिथं त्यांना नेणारी जीप त्याचीच होती. घरी आला की मुलीला मांडीवर घ्यायचा आणि मी काही विचारलं की म्हणायचा, "माय, तू मशीन चालव."

आता त्या सकाळचं लिहिते.

निवडणुकीला पंधरा दिवस राहिले होते. बाजारचा दिवस. दहा वाजता मुलगा दुकानात आला. अंगात चौकड्याचा शर्ट होता, नेहमीचा; खाकी तो फक्त कवायतीला घालायचा. हातात पिशवी.

"माय, साहेबाचा शर्ट फाटला. तीन वाजता सभा हाय. तवर दे."

"दुसरा घाल म्हणा."

"दुसरा घट्ट होतो. हाच लागतो त्यायला."

पिशवीतून कमांडरचा शर्ट काढला. डाव्या खिशाची झडप वरून फाटून लोंबत होती, खांद्याची पट्टी मुळातून उपटली होती आणि शिट्टीची दोरी नव्हती. खिशावर आणि पोटावर काळपट लाल डाग होते. कपडा अजून ओलसर होता.

"हे काय रे?"

"कंदुरी व्हती. बोकड कापला. सुटला हातातून, शिंगात दोरी अडकली."

आमच्याकडं नवस फिटला की कंदुरी करतात. निवडणुकीत तर रोज कुठं ना कुठं असते. मी म्हणाले, "साहेबच कापते व्हय आता बोकडं?" तो हसला नाही. पायात पाय अडकवून उभा होता. मी पुढं विचारलं नाही. बाजारचा दिवस, समोर चार गिऱ्हाइकं, आणि फाटका कपडा समोर आला की माझं डोकं फाटक्यातच जातं.

मळक्या कपड्यावर मी मशीन लावत नाही. नवऱ्याची शिकवण. इस्त्री फिरली की डाग कायमचा बसतो. रक्ताचा डाग गार पाण्यात काढायचा, मीठ लावून, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मी मागं मोरीत जाऊन शर्ट दोनदा भिजवला, मीठ चोळलं, पिळला, उन्हात टाकला. वाळेपर्यंत खांद्याची नवी पट्टी कापली. फाटलेल्या जागेवर नुसतं ठिगळ मारणारे शिंपी असतात, मी तशी नाही. फाटलेला खिसा झडपेसकट आणि त्याच्यामागच्या बकरमसकट कापून काढला आणि त्याच थानातलं कापड लावून सगळा खिसा नवा केला. जुनी शिवण जिथं होती तिथंच नवी टीप बसवली. अडीच वाजता मुलगा आला तेव्हा शर्ट घडी करून तयार होता. त्यानं तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"कळत बी न्हाई," म्हणाला.

मला बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. मला त्या क्षणी माझ्या हाताचा अभिमान वाटला.

कापून काढलेला खिसा घाईत तसाच बकरमसकट कातरणाच्या पोत्यात गेला.

संध्याकाळी दिवेलागणीला बातमी आली. नदीकाठचा एक माणूस मेला. वाळूचे ट्रॅक्टर त्याच्या शेताच्या कडेनं जात, कड ढासळत चालली होती, म्हणून त्यानं दोनदा अर्ज दिले होते. त्या दिवशी सकाळी तो ट्रॅक्टरपुढं आडवा झाला. कमांडर स्वतः तिथं गेला. काय बोलणं झालं माहीत नाही. माणसाच्या डोक्यात काठी बसली. बाया सांगत होत्या, की तो पडला तरी त्याच्या मुठीत शिट्टीची दोरी होती, दवाखान्यात बोटं उघडून काढावी लागली.

मी मशीनवर बसले होते. पाय थांबले. मुलगा जेवायला आला तेव्हा मी त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं ताटाकडं पाहिलं. सुनेपुढं मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलेन असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो घरी आला नाही. चौथ्या दिवशी तो ठाण्यात हजर झाला आणि काठी मी मारली म्हणाला.

कमांडर स्वतः घरी आला. दारात चपला काढल्या, मोठ्यानं "मावशी" म्हणाला, माझ्या पाया पडला. त्याच्या अंगात तोच शर्ट होता. मी त्या खिशाकडं बघत राहिले.

"मावशी, तीन महिने. जास्तीत जास्त चार. माझा वकील हाय. जामीन झाला की पोरगं घरी. आता मी आत गेलो तर निवडणूक गेली, दल गेलं, समदं गेलं."

"माझं काय ऱ्हाईल?"

"तुझ्या सुनेला अंगणवाडीत लावतो. पोरीच्या शिक्षणाचं मी बघतो. पोरगं आपून हो म्हणलं, म्या बळंच केलं न्हाई."

"तू मारलं?"

"धक्काबुक्कीत झालं," म्हणाला. "कुणी मारलं ते कुणाला दिसलं न्हाई."

"मला दिसलं," मी म्हणाले. "म्या तुझा खिसा कापला."

त्यानं खिशावर हात ठेवला. मग हसला, लहानपणी पायरीवर हसायचा तसा. "मावशी, तू धुतलास ना गं तो? लई मस्त धुतलास."

तो गेल्यावर सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी वाकड्यात शिरू नका. हे येतील चार महिन्यात. त्यायनं शबूद दिला." तिचं चुकलं असं म्हणत नाही. तिच्यापुढं तेवढाच एक रस्ता होता.

निवडणूक झाली, तो निवडून आला. गुलाल माझ्या दुकानाच्या पाट्यांवर अजून आहे. चार महिन्यांचं तर सोडाच, पहिला जामीन अर्ज फेटाळला तेव्हा कमांडरचा वकील तारखेला आलाच नव्हता.

मी तुरुंगात भेटायला गेले. जाळीपलीकडं मुलगा उभा. गालफडं बसलेली. मी म्हणाले, "खरं सांग त्यायला. तू चौकड्याच्या शर्टात व्हतास, तुझ्या खांद्याला दोरी कुठून आली?"

"हळू बोल, माय."

"त्या दिशी शर्ट आणलास तवा तुला ठावं व्हतं ना?"

त्यानं जाळीवरचा हात काढून घेतला.

"मला ठावं नव्हतं. तुला व्हतं. बोकडाचं सांगून माझ्या हातून धुवून घेतलंस."

"मंग काय करू?" तो एकदम ओरडला. पोलीस वळून बघायला लागला. "न्हाई म्हणलो असतो तर त्याच्या बाजूला मीबी पडलो असतो. जा तू. परत यायचं काम न्हाई."

मी परत आले. जीपमध्ये शेजारची बाई विचारत होती, कुठं जाऊन राहिल्या? मी म्हणाले, दवाखान्यात. त्या दिवसापासून माझी भूक गेली. मुलाचा राग नव्हता. त्याची चूक मला समजत होती. माझी समजत नव्हती. डोळ्यांपुढं सारखी ती मोरी यायची आणि लाल पाणी जाताना दिसायचं. बादलीभर पाण्यात मी माझ्याच मुलाची सुटका ओतून दिली होती. गार पाणी, मीठ, दोनदा. इतकं चांगलं धुवायची काही गरज नव्हती. एखादी आळशी बाई असती तर तिचा मुलगा आज घरी असता.

थंडीत सुनेनं वाकळ शिवायला काढली. नवरा आत, हाताला काहीतरी पाहिजे म्हणून. कातरणाचं पोतं तिनंच उपसलं. खाकी तुकडेच जास्त, ती वाकळ खाकीच झाली. मी तीच अंगावर घ्यायची. एक दिवस दुपारी अंग दुखत होतं म्हणून वाकळ खाली घालून आडवी झाले. गालाखाली काही तरी टणक लागलं. पालथी झाले, तरी तिथंच. हातानं चाचपलं. चार बोटं रुंद, ताठ.

वाकळीत बकरम कुणी घालत नाही. शिवायला त्रास होतो आणि अंगाला टोचतं. मी बकरमचे तुकडे वेगळे काढून ठेवते. सुनेला ते माहीत नाही.

मी ओट्यावर उन्हात बसले आणि ब्लेडनं वाकळ उसवली. शेजारणी म्हणाल्या, "नवी वाकळ काहून फाडून राहिल्या, आजी?" तो तुकडा हातात आला. वरून स्वच्छ खाकी, फाटलेली झडप अजून चिकटलेली. मी एका बाजूची टीप उसवून खाकी आणि बकरम वेगळं केलं. बकरमला खळ असते, ती सगळं पिऊन घेते. वरचं कापड मी धुतलं होतं, पण बकरम आतून दोन टिपांच्या मधे होतं, तिथं मीठ पोचलं नव्हतं. पांढऱ्यावर तपकिरी डाग होता, तळहाताएवढा. कडेला गर्द.

सून बाहेर आली. मी तिला दाखवला. ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "जाळून टाका, आत्याबाई. आपल्याला मारतील." तिच्या नोकरीचा कागद त्याच आठवड्यात यायचा होता. मी म्हणाले, "तू लेकीला घेऊन म्हायेरी जा." ती गेली. अजून आली नाही.

तुकड्याचे मी दोन भाग केले. मधोमध सरळ नाही कापला, नागमोडी कापला. म्हणजे एक भाग हरवला तरी दुसरा दाखवून सांगता येईल की हा त्याचाच. एक भाग कागदात गुंडाळला. दुसरा कुठं ठेवला ते लिहीत नाही.

ठाण्याचं नावही लिहीत नाही. तिथल्या पोलीस साहेबानं तुकडा पाहिला, माझं ऐकून घेतलं. तरणा होता, माझ्या मुलापेक्षा लहान.

"आजी, हे बोकडाचं रक्त असंल."

"असंल तर तपासा. बोकडाचं निघालं तर मला घरी धाडा."

"तुमी आई हाव. आई असंच म्हणते. कोर्ट मानत न्हाई."

"त्याच्या खिशाला बकरम हाय. दलात दुसऱ्या कुणाच्या न्हाई. मापाची वही आणली म्या."

वही पुढं ठेवली. त्यानं पानं उलटली. त्याच्या नावापुढं मी दर वेळी लिहिलेलं होतं, 'खिशामागे बकरम'. वीस वर्षांचं. साहेबानं वही मिटली. मग खुर्ची पुढं ओढून हळू म्हणाला, "आजी, तुमाला कळतं का तुमी काय बोलून राहिल्या? रक्ताचा कपडा तुमी धुतला. पुरावा नष्ट केला. तो गुन्हा हाय. तुमी आत जाल."

पुढचं मी घरून ठरवून गेले नव्हते. तिथं बसल्या बसल्या डोक्यात आलं.

"लिहा," मी म्हणाले. "म्या पुरावा नष्ट केला, लिहा. माझ्यावर गुन्हा घाला. पण मंग पुरावा व्हता हेबी लिहावं लागंल. कुणाच्या शर्टावर व्हता तेबी लिहावं लागंल."

कोपऱ्यात लिहायला बसलेली पोलीस बाई होती. तिनं कुणी न सांगता नवीन कागद घेतला. साहेब उठून बाहेर गेला, फोनवर बराच वेळ बोलला. कुणाशी ते मला माहीत नाही. मला वाटलं, संपलं. तो परत आला आणि त्या बाईला म्हणाला, "घ्या लिहून." का म्हणाला ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. दीड पान झालं. तिनं वाचून दाखवलं. अंगठ्याची शाई पुढं केली, मी ती बाजूला सारली आणि सही केली.

त्यानंतर माझ्या दारात पाच शर्ट उभे राहिले. सकाळी आठ ते दहा. मीच शिवलेले. एकाच्या बगलेत शिवण सुटली होती. मी म्हणाले, "ये, टाका मारून देते." तो लाजला. बाकीचे पुढं बघत राहिले. दुकानावर गिऱ्हाईक येणं बंद झालं. कमांडरचा वकील येऊन गेला. म्हणाला, म्हातारपणी नजर कमी झाली असं सांगा, मी तुम्हाला यातून सोडवतो. मी त्याच्यासमोर सुईत दोरा ओवला आणि त्याला जायला सांगितलं.

कपडा तपासायला पाठवला असं म्हणतात. अजून उत्तर नाही. गुन्ह्यात मात्र माझं नाव लागलं. अटक केली नाही, वय पाहून नोटीस दिली. आता एकाच केसमध्ये आरोपी नंबर एक माझा मुलगा आहे आणि नंबर दोन मी. कमांडर त्यात नाही. परवा त्याचा शाळेत सत्कार झाला.

गेल्या तारखेला हिंगोलीला कोर्टात गेले. बाहेरच्या बाकावर मेलेल्या माणसाची बायको बसली होती. मी तिच्या शेजारी बसले नाही, तेवढी हिंमत नाही. मुलाला बेड्यांत आणलं. मला पाहून तो थबकला. त्याला कुणीतरी आधीच सांगितलं होतं, की मी आरोपी झाले.

"माय, हे काय करून ठिवलंस?" तो म्हणाला. "तुला काहून मधे पडायचं व्हतं?"

"शर्ट तूच आणलास. म्या मधेच हाय."

"तुझ्या वयात तुरुंग झेपल का?"

"तुला झेपून ऱ्हायला का?"

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. पोलिसानं बेडीची दोरी ओढली, चल म्हणाला. तो चालला आणि दोन पावलांवर वळला. आवाज बसला होता, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"दोरी सोडतच नव्हता माय तो. साहेब म्हणत व्हते सोड, सोड, आन् मारत व्हते. तो सोडतच नव्हता."

पोलीस म्हणाला, "ए, गप." आणि त्याला आत नेलं. आत तो काय बोलला ते मला कळलं नाही. पाच मिनिटांत बाहेर आणला, नवी तारीख पडली होती. माझ्याकडं न बघता गेला. पुढच्या तारखेला तो हेच न्यायाधीशापुढं बोलेल की पुन्हा 'मीच मारलं' म्हणेल, मला माहीत नाही. आशा धरायची सवय मला राहिली नाही.

पण ते वाक्य एकट्या मी ऐकलेलं नाही. बाकावरची ती बाई उठून उभी राहिली होती. आणि दोरी धरलेल्या पोलिसानं ऐकलं. उंच, काळा, मिशीवाला. छाती बेचाळीस असावी. उजव्या बाहीची शिवण खांद्यापाशी उसवली आहे आणि त्यानं ती आतून पांढऱ्या दोऱ्यानं स्वतःच टाचली आहे. हजार पोलिसांत उभा केला तरी मी त्याला ओळखेन. तेही मी या वहीत लिहून ठेवलं आहे.